टॉर्चमध्ये पाणी शिरतंय? आधी वाट शोधा, ग्रीस नंतर

टॉर्चच्या काचेवर आतून वाफ दिसली की बहुतेक जण एकच उपाय करतात. झाकण उघडायचं, फडक्याने पुसायचं, ओ-रिंगवर (सांध्यातल्या गोल रबरी रिंगेवर) बोटभर ग्रीस फासायचं आणि झाकण जोर लावून आवळायचं. आठ-पंधरा दिवस बरे जातात, मग काच पुन्हा धुरकट होते. चूक ग्रीस लावण्यात नाही, ते आधी लावण्यात आहे. पाणी अडवते ती दाबून बसलेली रबरी रिंग. ग्रीसचं काम रिंग आट्यांवरून सहज सरकावी आणि सुकू नये एवढंच. दाट ग्रीसने बारीक गळती काही दिवस झाकली जाते आणि पाणी कुठून आलं याच्या खुणाही त्याखाली पुसल्या जातात. म्हणून या लेखातला क्रम पाळा: पाहणं, वाळवणं, शोधणं, साफ करणं आणि अगदी शेवटी ग्रीस.

एक शब्द आधीच स्पष्ट करतो. बोलताना आपण टॉर्चलाच बॅटरी म्हणतो. इथे आतल्या बॅटरीला 'सेल' म्हटलं आहे.

## तयारी

धागे न सुटणारं सुती फडकं, कापूस गुंडाळलेल्या काड्या, लाकडी दातकोरणी, टोकदार चिमटा, टिश्यू पेपर, पाण्यात पसरणाऱ्या शाईचं पेन, भिंग, एक खोलगट भांडं, थर्मामीटर, सिलिकॉन ग्रीस आणि मापाच्या नव्या ओ-रिंगा. उजेडासाठी दुसरी एक टॉर्चही जवळ ठेवा. रिंग काढायला टाचणी किंवा सुई वापरू नका. रबरावर किंवा खाचेत उठलेला केसाएवढा ओरखडा ही पाण्याला आयती वाट आहे.

टॉर्चवर किंवा तिच्या पत्रकावर पाणीरोधाची श्रेणी पाहा. चाचणी किती कडक घ्यायची ते तिच्यावरून ठरतं.

- आयपीएक्स४: कोणत्याही बाजूने उडालेलं पाणी चालतं, बुडवणं चालत नाही. अशी टॉर्च बुडवून 'गळते' म्हणणं अन्यायाचं आहे.
- आयपीएक्स७: १ मीटर खोल, ३० मिनिटं.
- आयपीएक्स८: त्याहून जास्त. नेमकी खोली आणि वेळ उत्पादक लिहितो.

आयपी६८ लिहिलेलं असेल तर ६ हा आकडा धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी. ७ किंवा ८ मिळालं म्हणजे जोराच्या फवाऱ्यालाही टॉर्च टिकेल असं नाही. त्याची परीक्षा वेगळी असते, ५ आणि ६ या आकड्यांची. चिखल लागलेली टॉर्च गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाखाली धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

## १. उघडण्याआधी पाहा

टॉर्च हातात आली की लगेच पिळू नका. बंद करा, काच वर करून उभी धरा आणि दुसऱ्या टॉर्चचा उजेड तिरपा टाकून आत पाहा. नुसती वाफ आहे, बारीक थेंब आहेत की पाणी ओघळलं आहे?

हा फरक महत्त्वाचा आहे. ३० अंश सेल्सियसच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प असतं. टॉर्चच्या डोक्यात २० मिलीलीटर हवा धरली तर त्यात बाष्प भरतं ०.६ मिलिग्रॅम. पाण्याचा एक नेहमीचा थेंब सुमारे ५० मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे दमट दिवशी सेल बदलताना आत कोंडलेल्या हवेने गार काचेवर पातळ वाफ धरू शकते आणि टॉर्च तापली की ती विरते. अशा वाफेसाठी रिंगा बदलायला धावू नका. ओघळणारा थेंब मात्र कोंडलेल्या हवेतून येत नाही. तो दिसला तर कुठेतरी वाट आहे.

मग हळूहळू उघडा आणि पाणी कोणत्या भागात आहे ते लिहून ठेवा. मागच्या झाकणाच्या आट्यांत, नळीत, की फक्त काचेमागे? रिंगेबाहेरचे आटे ओले पण रिंगेच्या आतली बाजू कोरडी असेल तर रिंगेने आपलं काम केलं आहे. आट्यांचा रिंगेबाहेरचा भाग भिजणारच.

सावधान: आत बरंच पाणी गेलं असेल, विशेषतः खारं, तर सेलमधून वायू सुटून आत दाब साठलेला असू शकतो. टॉर्च चेहऱ्यापासून लांब धरा, मोकळ्या हवेत उघडा आणि झाकण एका दमात न काढता पाव-पाव वेढ्याने सैल करा. अंग गरम लागलं किंवा आतून फुसफुस ऐकू आली तर उघडूच नका. जळणार नाही अशा जागी बाहेर ठेवा आणि दूर व्हा.

## २. सेल बाजूला काढा

पुढची सगळी चाचणी सेलशिवाय करायची आहे. इथे बरेच जण आळस करतात, आणि चाचणीत टॉर्च खरोखर गळली की सेल आणि सर्किट दोन्ही घालवून बसतात.

भिजलेला लिथियम-आयन सेल पुसून पुन्हा चार्जरला लावू नका. वरचं वेष्टन सुटलंय, टोकाला गंज आहे, फुगवटा आहे किंवा तो खाऱ्या पाण्यात भिजलाय, यातलं काहीही असेल तर तो इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात द्या. अल्कलाइन सेल पाझरला असेल तर पांढरट पूड दिसते. ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून झालेली असते, त्वचेला आणि डोळ्यांना वाईट. हातमोजे घालून व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा, मग पाण्याने ओलसर केलेल्या काडीने, मग कोरड्या काडीने.

सेल न निघणारा, आतच बसवलेला असेल तर पुढे भाग ४ मधल्या कोमट पाण्याच्या चाचणीत पाणी ४० अंशांखाली ठेवा आणि दोन मिनिटांत बाहेर काढा.

## ३. पूर्ण वाळवा

खारं पाणी शिरलं असेल तर आधी सुटे झालेले भाग शुद्ध पाण्याने विसळा, शक्य असेल तर डिस्टिल्ड. मीठ मागे राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसता.

सगळे भाग सुटे करून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात रात्रभर ठेवा. हेअर ड्रायर, ओव्हन, कडक ऊन नको. प्लॅस्टिकची काच वाकते आणि डोक्यातलं पाणी वाफ होऊन आणखी आत जातं.

तपासा: डोकं वाळलं असं वाटलं की बर्फाचा खडा पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मिनिटभर काचेच्या मध्यावर बाहेरून टेकवा. आत ओल उरली असेल तर नेमकी त्या गार जागी वाफ धरते. तसं झालं तर डबा आणखी एक रात्र. हे न करता पुढे जाल तर जुनं पाणी कोणतं आणि नवं कोणतं हे कळणार नाही.

## ४. वाट शोधा

अजून ग्रीस नाही, नवी रिंग नाही, सफाईही नाही. टॉर्च जशी होती तशीच, फक्त सेलशिवाय, नेहमीच्या जोराने बंद करा. चाचण्या दोन आहेत. पहिली जागा दाखवते, दुसरी खात्री देते.

बुडबुड्यांची चाचणी. भांड्यात ४५ अंशांच्या आसपास कोमट पाणी घ्या. टॉर्च खोलीच्या तापमानाची हवी. ती कोमट पाण्यात गेली की आतली हवा प्रसरण पावते. २० अंशांवरून ४५ अंशांवर जाताना सुमारे साडेआठ टक्के. आत २० मिलीलीटर हवा असेल तर जवळजवळ पावणेदोन मिलीलीटर हवा बाहेर पडायला वाट शोधते आणि जिथे फट आहे तिथून बुडबुडे निघतात. दाब आतून बाहेर असल्याने तेवढा वेळ पाणी आत जात नाही. चाचणीची सारी गंमत यातच आहे.

एकदम सगळी टॉर्च बुडवू नका. आधी फक्त डोकं, मानेपर्यंत, एक मिनिट. मग टॉर्च बाहेर काढून पूर्वीच्या तापमानाला येऊ द्या आणि फक्त मागचं झाकण बुडवा. शेवटी पूर्ण. असं केलं की डोक्यातली गळती आणि झाकणातली गळती यांची सरमिसळ होत नाही.

पहिल्या काही सेकंदांतले बुडबुडे मोजू नका. अंगावरच्या खरबरीत नक्षीत, खिशाच्या क्लिपखाली, पुढच्या कंगोऱ्यांत अडकलेली हवा सुटतेच. टॉर्च पाण्यातच हलवून ती झटका आणि मग स्थिर धरा. अडकलेला बुडबुडा एकदा सुटला की संपतो. गळतीचे बुडबुडे एकाच जागेवरून, एकामागोमाग, माळेसारखे येतात. ती जागा पेनाने खूण करण्याइतकी नेमकी सापडते.

सावधान: टॉर्च पाण्यात थंड होऊ देऊ नका. हवा आकसली की त्याच फटीतून पाणी आत ओढलं जाईल. पाणी कोमट असतानाच बाहेर काढा, सगळे सांधे पुसा आणि मगच ठेवा.

या चाचणीचा एक दोषही सांगितला पाहिजे. स्विचवरची रबरी टोपी आतल्या दाबाने वर उचलली जाऊ शकते आणि मग तिच्या कडेने हवा निघते. प्रत्यक्ष वापरात बाहेरचं पाणी तीच टोपी आत दाबतं आणि सांधा घट्ट होतो. त्यामुळे टोपीच्या कडेने बुडबुडे आले तर तो संशय समजा, निकाल नव्हे. निकालासाठी पुढची चाचणी आहे.

टिश्यूची चाचणी. टिश्यूच्या पट्ट्यांवर पाण्यात पसरणाऱ्या शाईचे ठिपके काढा. एक पट्टी मागच्या झाकणात, एक नळीच्या मध्यावर, एक डोक्याच्या बाजूला. पट्टी रिंगेखाली किंवा आट्यांत आली तर तीच गळती करेल, म्हणून ती पूर्ण आत सरकवा. टॉर्च बंद करा आणि तिच्याच तापमानाच्या पाण्यात दहा-पंधरा सेंटीमीटर खोल ३० मिनिटं आडवी ठेवा. तरंगत असेल तर वर वजन ठेवा. स्विच गळतो असा संशय असेल तर पाण्यातच तो दहा-बारा वेळा दाबा.

बाहेर काढून आधी अंग पूर्ण पुसा, आट्यांच्या फटीतलं पाणी झटका, मग झाकण खाली धरून उघडा. झाकण वर धरून उघडलं की आट्यांतला थेंब नळीत पडतो आणि धडधाकट टॉर्च नापास होते. मी स्वतः याच चुकीपायी एका चांगल्या टॉर्चच्या रिंगा तीनदा बदलल्या आहेत.

कोणत्या पट्टीवरचा ठिपका पसरला ते पाहा. तिन्ही कोरड्या पण काचेमागे ओल, म्हणजे पाणी काचेकडून येतंय. डोकं आतून बंद असेल आणि तिथे पट्टी जात नसेल तर बर्फाची युक्ती पुन्हा करा.

## ५. जागा सापडली, आता कारण

*मागचं झाकण.* सर्वांत जास्त उघडली जाणारी जागा. रिंग काढून भिंगाखाली हळूच वाकवा. भेगा, चपटेपणा, काप पाहा. तिच्यावर एखादा केस किंवा फडक्याचा धागा आडवा पडला असेल तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. रिंगेच्या आड येणारी धातूची गुळगुळीत भिंतही तपासा. तिथे ओरखडा असेल तर नवी रिंगही गळेल.

*स्विचची टोपी.* नखाने किंवा उन्हाने कडेला चीर पडते. दाबून ताणल्याशिवाय ती दिसत नाही. टोपी बदलायला आतली दोन छिद्रांची चकती चिमट्याच्या टोकांनी फिरवावी लागते. ती हलत नसेल तर जोर लावण्याआधी उलट दिशेने फिरवून पाहा. टोपी परत बसवताना तिची कड सगळीकडे सपाट हवी, एका बाजूला दुमडलेली नको.

*काच.* इथली रिंग बहुधा चिमटली गेलेली असते किंवा काचेला कडेशी बारीक टवका उडालेला असतो. पुढची कडी चिकटवलेली असेल तर पकडीने पिळू नका. उघडलीत तर दोन गोष्टी जपा. रिफ्लेक्टरच्या आतल्या चकचकीत थराला फडकंसुद्धा लावायचं नाही, तो पुसला जातो. आणि एलईडीभोवतीची प्लॅस्टिकची छोटी चकती जागेवर परत गेलीच पाहिजे. ती राहिली तर धातूचा रिफ्लेक्टर एलईडीच्या जोडांना टेकून शॉर्ट होतो.

*चार्जिंगचं तोंड.* रबरी झाकणाखाली खिशातला भुगा साचतो आणि झाकण पूर्ण बसत नाही. दातकोरणीने काढा. तोंड ओलं असताना चार्जिंग लावू नका.

*सरकत्या डोक्याची झूम टॉर्च.* डोकं पुढे ओढलं की पिचकारीसारखं आत खेचलं जातं, मग बाहेर हवा असो वा पाणी. एखादी चांगली बांधलेली असतेही, पण बहुतेकांच्या मागे दुरुस्तीचा वेळ घालवू नये. पावसात नेऊ नका, एवढाच खरा उपाय.

## ६. सफाई

जुनं काळं ग्रीस आट्यांतून, खाचेतून आणि समोरच्या भिंतीवरून काढा. आधी कोरडी काडी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओली. हे फक्त धातूवर. प्लॅस्टिकच्या काचेला आणि रबराला ते लावू नका. पेट्रोल, रॉकेल, थिनर किंवा गंज सोडवायचे फवारे तर कशालाच नको. खाचेच्या तळाशी वाळूचा एक कण राहिला तरी रिंग तिथे उचलली जाते, म्हणून दातकोरणी पूर्ण गोल फिरवा.

तपासा: स्वच्छ पांढरी काडी खाचेतून एक फेरा फिरवा. काळी आली तर सफाई झालेली नाही.

## ७. रिंग निवडणं आणि बसवणं

जुनी रिंग मोजून नवी आणणं ही पुष्कळ जणांची चूक. वापरलेली रिंग ताणलेली आणि चपटी असते, एका बाजूने जाडी कमी भरते, दुसऱ्या बाजूने जास्त. व्हर्नियरने (सरकत्या जबड्याच्या मोजपट्टीने) खाचेच्या तळाचा व्यास मोजा. रिंगेचा आतला व्यास त्याहून १ ते ५ टक्के कमी हवा, म्हणजे ती हलकी ताणून बसते. जाडी अशी हवी की बसवल्यावर रिंग खाचेच्या कडांपेक्षा थोडी वर दिसेल. खाच रिंगेपेक्षा रुंद दिसते म्हणून जाडी रिंग कोंबू नका. दाबलेल्या रबराला बाजूला पसरायला ती जागा मुद्दाम ठेवलेली असते.

रिंग आट्यांवरून ओढताना तीक्ष्ण कडा तिला कापतात. आट्यांवर कागदाची पट्टी गुंडाळा आणि रिंग तिच्यावरून सरकवा. बसल्यावर दातकोरणी रिंगेखाली अलगद घालून एक फेरी मारा, म्हणजे पीळ निघतो. रिंगेवरची साच्याची बारीक रेघ सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. वळणं घेत गेली असेल तर रिंग पिळलेली आहे.

## ८. आता ग्रीस

रबर कोणतं आहे त्यावर ग्रीस ठरतं. नायट्राइल आणि ईपीडीएमच्या रिंगांना सिलिकॉन ग्रीस चालतं. सिलिकॉनच्या रिंगांना तेच ग्रीस फुगवतं. पेट्रोलियम जेली ईपीडीएमला फुगवते. रंगावरून रबर ओळखता येत नाही. शंका असेल तर एक जादा रिंग तीन-चार दिवस त्या ग्रीसमध्ये ठेवा आणि कोरड्या रिंगेशेजारी ठेवून पाहा. मोठी किंवा मऊ झाली असेल तर ते ग्रीस नको.

प्रमाण मटाराच्या दाण्याएवढं नाही, मोहरीएवढं. बोटांत रिंग फिरवून चकाकी येईल इतकंच. आट्यांना अगदी पातळ हात. नळीच्या टोकाची उघडी धातूची कड आणि स्प्रिंग कोरडी ठेवा. वीज तिथून वाहते आणि सिलिकॉन ग्रीस वीज अडवतं. सर्व्हिसिंगनंतर टॉर्च लुकलुकायला लागली की दहातल्या नऊ वेळा तिथे ग्रीस सापडतं.

## ९. जोडणी आणि फेरचाचणी

झाकण आधी उलट दिशेने फिरवा. आटे एकमेकांत पडल्याची बारीक 'टक' जाणवली की मग सुलट. शेवटी रिंग आत शिरताना सारखा, मऊ विरोध हवा. विरोधच नसेल तर रिंग बारीक आहे. मध्येच अडून एकदम सुटलं तर रिंग चिमटली, लगेच उघडून पाहा. पकडीने आवळून गळती थांबत नाही. बहुतेक टॉर्चमध्ये रिंग बाजूच्या भिंतीवर दाबलेली असते आणि झाकण जास्त पिळल्याने तो दाब वाढत नाही.

सेलशिवाय टिश्यूची चाचणी पुन्हा घ्या. तिन्ही पट्ट्या कोरड्या निघाल्या की सेल घाला.

## सगळं ठीक, तरी पाणी शिरतं?

मग टॉर्च तापलेली असताना पाण्यात जात असेल. जोरात चालवून आतली हवा ६० अंशांना गेली आणि टॉर्च २० अंशांच्या पाण्यात पडली, तर आतला दाब सुमारे १२ टक्के उतरतो. ही ओढ जवळपास सव्वा मीटर खोल पाण्याच्या दाबाएवढी आहे, टॉर्च वीतभर पाण्यात असली तरी. आयपीएक्स७ च्या चाचणीत टॉर्च आणि पाणी यांच्या तापमानात ५ अंशांहून जास्त फरक नसावा, अशी अट याच कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तापलेली टॉर्च धुवायची असेल तर हाताला गार लागेपर्यंत थांबा. पाण्याखाली झाकण किंवा डोकं फिरवू नका.

सेल बदलताना टॉर्च आधी पुसा, झाकण खाली धरून उघडा आणि शक्यतो कोरड्या खोलीत बंद करा. नियमित पाण्यात जाणाऱ्या टॉर्चच्या बाहेरच्या रिंगा वर्षातून एकदा भिंगाखाली पाहा. जादा रिंगा अंधारात, न ताणता, छोट्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर टॉर्चचं नाव, आतला व्यास, जाडी लिहून ठेवा.